नवी ई-सायकल, पहिले २३० किमी: काय जमलं, काय खटकून राहिलं

शून्य_मैल (धागाकर्ता)

मागच्या चाकात २५० वॉटची गिअरवाली हब मोटर. ३६ व्होल्ट, ७.८ अँपिअर-अवरची काढता येणारी बॅटरी, डाउनट्यूबवरच्या (फ्रेमची खालची तिरकी नळी) पाळण्यात बसणारी. मागे सात गिअरचं फ्रीव्हील, पुढे एकच चेनरिंग, दोन्हीकडे केबलचे डिस्क ब्रेक, २७.५ इंची चाकं. वजन काट्यावर २२.८ किलो. वापर नागपुरात, खामला ते हिंगणा एमआयडीसी, एका बाजूने साधारण ९ किमी. ब्रँडचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण हीच मोटर आणि हाच कंट्रोलर (मोटरला वीज सोडणारी-तोडणारी पेटी) वेगवेगळे स्टिकर लावून मिळतात.

आधी चांगलं. असिस्ट (पायडल मारताना मिळणारी मोटरची मदत) २ वर सपाट रस्त्याला २० ते २२ चा वेग आरामात राहतो. २५ ला मोटर मदत सोडते, पण झटका बसत नाही. बॅटरी काढून नुसती सायकल चालवली तर जड वाटते, अडत मात्र नाही. असिस्ट २ वर एका चार्जमध्ये ३४ किमी, थ्रॉटलच पिळत राहिलं तर २१. कंपनी ४० सांगते.

आता खटकणारं:

सिमेंट रस्त्याच्या जॉइंटवर धक्का बसला की मोटर क्षणभर जाते. डिस्प्लेसुद्धा विझतो आणि पुन्हा लागतो.

फुटाळ्याकडून सेमिनरी हिल्स चढताना डिस्प्लेवर बॅटरीच्या दोन काड्या शिल्लक असताना मोटर कट. इथे डिस्प्ले चालूच राहतो. थांबून दोन मिनिटांनी पुन्हा चालते.

सिग्नलवरून निघताना असिस्ट कधी लगेच येतो, कधी येतच नाही.

पुढच्या ब्रेकचा चिं-चिं आवाज आणि मागून पायडल मारताना टक् टक्.

कोणत्या क्रमाने तपासू?

अठराचा_पाना

भाऊ, डिस्प्ले विझला की नाही हे तुम्ही लिहिलं, अर्धं काम तिथेच झालं. मोटर जाते आणि डिस्प्लेही जातो, म्हणजे कंट्रोलरला वीजच पोचून नाही राहिली: बॅटरीची पिन, पाळण्याचा सॉकेट, चावीचा स्विच किंवा मेन वायर. मोटर जाते पण डिस्प्ले लागून राहतो, म्हणजे कंट्रोलरने जाणूनबुजून मोटर बंद केली: व्होल्टेज कमी, ब्रेकचा स्विच दाबलेला, पायडल सेन्सरचा सिग्नल नाही, नाहीतर मोटरचा जोड ढिला. ही दोन वेगळी दुखणी आहेत असं धरून चला.

पहिल्यासाठी बॅटरी लॉक करून हाताने वर-खाली, डावी-उजवी हलवा. अर्धा मिलिमीटर हलली तर चालते. दोन-तीन मिलिमीटर हलत असेल तर सिमेंट रस्त्यावर पिन सुटणारच. बॅटरी काढली की पाळण्याच्या तळाशी दोन किंवा तीन बोल्ट दिसतात, बहुतेकदा ४ नंबरच्या अ‍ॅलनचे. ते नव्या गाडीत ढिले सापडतात, कारण बॅटरी बसवल्यावर दिसत नाहीत आणि जुळणी करणारा पोट्टा विसरतो. आवळा. तरी हलत असेल तर जुन्या ट्यूबची दोन बोटं रुंद पट्टी पाळण्याच्या खोबणीत चिकटवा.

मग पाळण्याकडच्या सॉकेटच्या पात्या पाहा. काळपट झाल्या असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे तिथे मारू नका, धूळ धरून बसते. पात्या फाकल्या असतील तर बारीक पक्कडीने किंचित जवळ घ्या, तेही फक्त पाळण्याकडच्या. बॅटरीकडच्या पिनांना लोखंड लावायचं नाही. तिथे ३६ व्होल्ट सदैव जिवंत असतात आणि पक्कड आडवी पडली तर टोक वितळते.

टक् टक् बद्दल उद्या लिहितो. तोवर एक करा, मागच्या एक्सलचे दोन्ही नट १८ च्या पान्याने तपासा. हे पुढे ढकलू नका.

तर्रीपोहा

नट तपासायची एवढी घाई काहून? साध्या सायकलचा मागचा नट ढिला झाला तर चाक घासते, एवढंच ना?

अठराचा_पाना

साध्या सायकलचं चाक एक्सलभोवती फिरते. हब मोटरमध्ये मोटर एक्सलवर जोर देऊन चाक फिरवते, म्हणून तेवढाच उलटा जोर एक्सलवर येतो. एक्सल दोन बाजूंनी चपटा असतो तो याचसाठी, ड्रॉपआउटच्या (फ्रेमवर एक्सल बसतो ती जागा) खाचेत अडकून राहावा म्हणून. नट ढिला झाला की चपटी बाजू खाच कुरतडते, एक दिवस एक्सल गरकन फिरते आणि एक्सलच्या तोंडातून निघणारी मोटरची केबल पिळून तुटते. मोटर उघडल्याशिवाय ती दुरुस्त होत नाही.

आवळायचं ३५ ते ४० न्यूटन मीटरने. टॉर्क पाना नसेल तर हातभर लांबीच्या पान्याने चांगला दम लावून. जीभ असलेला जो वॉशर असतो त्याची जीभ ड्रॉपआउटच्या खाचेत बसलेली पाहिजे. ती बाहेर राहिली तर नट कितीही आवळा, काही उपयोग नाही. केबल एक्सलमधून निघून खाली झोका घेऊन मग वर गेली पाहिजे, म्हणजे पावसाचं पाणी झोक्यावरून टपकते, मोटरीत उतरत नाही. पहिल्या ५० किमीनंतर एकदा, २०० ला एकदा, मग दर महिन्याला तपासा.

सावजी_मीटर

चढावरच्या कटबद्दल. डिस्प्लेच्या काड्या म्हणजे व्होल्टेजचा ढोबळ अंदाज, पेट्रोलचा काटा नव्हे. ३६ व्होल्टची बॅटरी म्हणजे सेलचे दहा गट ओळीत. पूर्ण भरलेली ४२.०, निम्म्यावर साधारण ३६.५ ते ३७, आणि ३३ ला जवळपास रिकामी. कंट्रोलर ३० ते ३१ व्होल्टच्या आसपास मोटर तोडतो, नेमका आकडा त्याच्या स्टिकरवर छापलेला असतो.

सपाटीवर मोटर ४ ते ६ अँपिअर ओढते, चढावर १२ ते १५. बॅटरीच्या अंतर्गत रोधामुळे तेवढ्या ओढीला व्होल्टेज दोन-तीन व्होल्ट खाली बसतं आणि ओढ थांबली की परत वर येतं. म्हणूनच तुमची सायकल दोन मिनिटांनी शहाण्यासारखी चालते. बॅटरीत चार्ज असतो, पण ओढीखाली कंट्रोलरला ती रिकामी दिसते.

डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये काड्यांऐवजी व्होल्टेज दाखवायची सोय असेल तर ती चालू करा. चढाच्या आधी उभं असताना किती, आणि चढावर कट होण्याच्या क्षणी किती, हे दोन आकडे द्या.

रेंजचंही बोलून घेतो. ३६ गुणिले ७.८ म्हणजे २८१ वॉट-अवर. ३४ किमी गेलात म्हणजे किमीला ८.३, थ्रॉटलवर १३.४. दोन्ही आकडे निरोगी आहेत. कंपनीच्या ४० ला किमीला ७ लागतात. ते हलका स्वार, सपाट रस्ता आणि पायांनी निम्मं काम केलं तरच जमतं. चार्जरमधली गळती धरून पूर्ण चार्जला वीज एका युनिटचा तिसरा हिस्सा.

फुटाळा_फेरी

असिस्ट कधी येतो, कधी येत नाही, यात दोन संशयित आहेत आणि दोन्ही पाच मिनिटांत वेगळे करता येतात.

मागचं चाक उचलून धरा, किंवा सायकल उलटी करा, पण तेव्हा डिस्प्ले आणि लिव्हर जमिनीवर घासू नयेत म्हणून खाली पोतं टाका. थ्रॉटल हलकं द्या. चाक फिरत असताना ब्रेकची लिव्हर नुसती हलवा, ओढू नका. तेवढ्यावर मोटर थांबत असेल तर लिव्हरमधला स्विच फारच हळवा आहे किंवा लिव्हर पूर्ण परत येत नाही. खात्रीसाठी त्या लिव्हरची वायर जोडापाशी सोडा. ब्रेकचे जोड बहुतेकदा लाल असतात. हे स्विच सहसा दाबल्यावर जोडले जाणारे असतात, त्यामुळे वायर काढली तरी मोटर चालते. दोष गेला तर ती लिव्हर गुन्हेगार. तपासून झाल्यावर वायर परत जोडायचीच, नाहीतर ब्रेक दाबताना मोटर पुढे ढकलत राहील.

थ्रॉटलवर सगळं ठीक आणि फक्त पायडलवर गडबड असेल तर क्रँकच्या (पायडल लागतो तो दांडा) आतल्या बाजूची चुंबकांची चकती पाहा. सेन्सर आणि चकतीत दीड ते तीन मिलिमीटर अंतर हवं. चकती लंगडत असेल तर एका जागी सेन्सर चुंबक चुकवतो. चुंबकांना लोखंडाचा चुरा आणि चेनचं काळं तेल चिकटतं, कोरड्या फडक्याने पुसा.

आणि थोडा उशीर हा दोष नव्हेच. हा सेन्सर पायात किती जोर आहे ते मोजत नाही, फक्त क्रँक फिरतोय का ते पाहतो. चकतीवर आठ चुंबक असतील तर बाराच्या मानाने जरा जास्त उशीर लागतो. व्हरायटी चौकात सातव्या गिअरवर थांबलात तर निघताना अर्धा फेरा मारायलाच जीव जातो, मोटर बिचारी वाट पाहत बसते. थांबण्याआधी तिसऱ्यावर या.

कोराडी_३६व्ही

मला तर २५ चीच अडचण. डिस्प्लेमध्ये लपलेल्या मेनूतून मर्यादा ३५ करता येते म्हणतात. कोणी केली का?

सावजी_मीटर

मेनूत आकडा बदलतो, कायद्यात बदलत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम २(यू) मध्ये मोटार वाहन न धरण्याची सूट मिळते ती ३० मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी, वेग २५ च्या आत आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोपर्यंत असेल तरच. पुढे पांढरा आणि मागे लाल परावर्तकही त्याच अटीत येतो. बरेच जण मडगार्ड काढताना मागचा लाल काढून फेकतात. २५ ओलांडली की ती मोटार वाहन झाली. नोंदणी, लायसन्स, विमा, हेल्मेट सगळं आलं. अपघात झाला तर हा मेनू महागात पडेल.

शिवाय ३६ व्होल्टवर ही मोटर रिकामी फिरतानाच जेमतेम ३० च्या आसपास जाते. ३५ लिहिल्याने ३५ मिळत नाही.

मीटर २५ दाखवतो पण खरा वेग कमी वाटत असेल तर चाकाचा आकार तपासा. डिस्प्लेत २६ भरलेलं आणि चाक २७.५ असेल, किंवा उलट, तर आकडा चुकतो. मोबाईलच्या जीपीएसशी ताडून पाहा.

अठराचा_पाना

आता टक् टक्. आधी मोजा: पायडलच्या फेऱ्याला एक टक् की चाकाच्या फेऱ्याला एक?

पायडलच्या फेऱ्याला असेल तर पायडल आणि क्रँक. पायडल १५ च्या पान्याने आवळा. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, डावीकडे फिरवलं की आवळलं जाते. घरी आलेल्या खोक्यातून जुळणी करताना हे उलटं केल्याने क्रँकचे आटे गेलेल्या सायकली दर महिन्याला दिसतात. क्रँकचा बोल्ट ८ च्या अ‍ॅलनने, ३५ ते ४० न्यूटन मीटर. ढिला क्रँक चालवत राहिलात तर त्याचं चौकोनी भोक गोल होते, मग आवळून काही होत नाही.

चाकाच्या फेऱ्याला असेल तर आधी मोटरच्या केबलचा झिप टाय पाहा, त्याचं शेपूट आऱ्यांना लागते. ते नसेल तर आरे. हबमोटरचा घेर मोठा म्हणून आरे आखूड आणि जाड, १२ किंवा १३ गेजचे, आणि रिमपाशी निपलमधून (आरा आवळायचा छोटा नट) तिरके निघतात. नव्या चाकात ते पहिल्या दोनशे किमीत बसतात आणि ढिले पडतात. ढिला आरा दर फेऱ्याला वाकतो-सरळ होतो आणि वळणापाशी तुटतो. एक तुटला की शेजारच्यांवर भार येतो, महिन्याभरात तीन-चार जातात. जास्त आवळल्याने आरे तुटतात असं बरेच जण समजतात, ते खरं नाही, ढिले राहिल्याने तुटतात.

बोटाने एकेक आरा छेडा. एका बाजूचे सगळे जवळपास एकाच सुरात वाजले पाहिजेत. भद्द वाजतो तो ढिला. निपल पाव फेरा फिरवा, पुन्हा वाजवा. एका दमात अर्ध्या फेऱ्याच्या वर जायचं नाही. चाक आउट आहे का पाहायला चेनस्टेला (मागच्या चाकाशेजारची फ्रेमची खालची नळी) एक झिप टाय बांधून त्याचं टोक रिमजवळ आणा, कुठे घासते ते लगेच दिसते. फ्रीव्हीलच्या बाजूचे आरे दुसऱ्या बाजूपेक्षा जास्त ताणलेले असतात, त्यामुळे दोन बाजूंचा सूर सारखा करायला जाऊ नका.

फुटाळा_फेरी

पुढच्या ब्रेकचं राहिलं. चिं-चिं दोन प्रकारचं असतं. ब्रेक न दाबता लयीत येत असेल तर पॅड घासतोय. कॅलिपरचे (पॅड धरणारा भाग) दोन बोल्ट ५ च्या अ‍ॅलनने अर्धा फेरा ढिले करा, लिव्हर घट्ट दाबून धरा आणि तशीच धरून दोन्ही आळीपाळीने आवळा, ६ ते ८ न्यूटन मीटर. केबलच्या डिस्कमध्ये बहुतेकदा बाहेरचा एकच पॅड हलतो, आतला स्थिर असतो. आतल्याचा स्क्रू फिरवून त्याच्यात आणि रोटरमध्ये (ब्रेकची चकती) व्हिजिटिंग कार्ड सरकेल एवढी जागा ठेवा.

दाबल्यावर ओरडत असेल तर पॅड अजून बसलेले नाहीत किंवा तेल लागलंय. मोकळ्या रस्त्यावर २० च्या वेगावरून चालण्याच्या वेगापर्यंत वीस-तीस वेळा दाबा, पूर्ण न थांबता. तेल असेल तर रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. चेनला स्प्रे मारताना मागच्या रोटरवर जुनं फडकं टाकत जा. तेल प्यायलेले पॅड घासून क्वचितच सुधारतात, बदललेले बरे.

शून्य_मैल

आकडे घेऊन आलो.

पाळण्याचे तीनपैकी दोन बोल्ट हाताने फिरत होते. बॅटरी जवळपास ३ मिमी हलत होती. सॉकेटची धन पाती काळी, शेजारचं प्लॅस्टिक किंचित तपकिरी. साफ केलं, आवळलं, रबर लावलं. धक्क्याने डिस्प्ले विझणं बंद.

चढ, साफ करण्याआधी: उभं असताना ३५.२, कट होताना ३१.०. साफ केल्यावर, तेवढ्याच चार्जवर, तोच चढ: ३५.१ वरून ३२.२, कट नाही. कंट्रोलरच्या स्टिकरवर १४ अँपिअर आणि ३१ व्होल्ट.

डाव्या लिव्हरचा स्विच अडकत होता, लिव्हरच्या बुडात वाळलेला चिखल निघाला. पायडलचा सेन्सर ठीक. टक् टक् क्रँकचा होता. आरे मात्र चार भद्द वाजत होते.

सावजी_मीटर

म्हणजे तुमचा पहिला आणि दुसरा त्रास एकाच पातीचे होते. १४ अँपिअरला आधी ४.२ व्होल्ट पडत होते, आता २.९. मधले १.३ व्होल्ट त्या काळ्या जोडावर जात होते. १.३ गुणिले १४ म्हणजे १८ वॉट, एका नखाएवढ्या जागेत. प्लॅस्टिक तपकिरी झालं ते याने. सोल्डरिंग आयर्न साधारण २५ वॉटचं असतं, त्यावरून अंदाज घ्या.

अठराचा_पाना यांनी दोन दुखणी वेगळी धरायला सांगितली ती तपासणीची योग्यच रीत, पण इथे मूळ एक निघालं. आणि डिस्प्ले जे व्होल्टेज दाखवतो ते कंट्रोलरपाशी मोजलेलं असतं, म्हणून जोडाची पडझड त्यात दिसली. बॅटरी काढून पिनांवर मल्टिमीटर लावला असता तर सगळं ठीकच आलं असतं.

तो सॉकेट वॉरंटीत बदलून मागा. तपकिरी प्लॅस्टिकमधली पाती पुन्हा सैल होते. साफ करण्याआधीचा फोटो आहे ना?

शून्य_मैल

आहे. मागणी टाकली.

तर्रीपोहा

मागचं चाक पंक्चर झालं तर? दुकानवाले वायर पाहून हात लावत नाहीत.

अठराचा_पाना

चाक काढूच नका. सायकल आडवी ठेवा, टायर एका बाजूने सोडा, ट्यूब बाहेर ओढा, पाण्यात किंवा थुंकी लावून भोक शोधा, घासा, सोल्युशन, पाच मिनिटं वाळू द्या, पॅच. आधी टायरच्या आतून बोटं फिरवून काटा काढा. आपल्याकडे बाभळीचा काटा आत मोडून राहतो आणि नवा पॅच दुसऱ्या दिवशी जातो. सराटे तर रस्त्याच्या कडेला अंथरलेलेच असतात. सीलंट टाकायचं तर या चाकाला १२० मिलीच्या आसपास, आणि वर्षभरात सुकते ते लक्षात ठेवा. हवा ४० ते ४५ पीएसआय, टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेत. वीसवर चालवाल तर रिम ट्यूबला चावते आणि समोरासमोर दोन भोकं पडतात.

चाक काढावंच लागलं तर पहिलं काम फोटो, वॉशरचा क्रम चुकतो. चेनस्टेवरचा मोटरचा जोड सरळ ओढून काढायचा, पिळायचा नाही. आत नऊ बारीक पिना असतात. बसवताना बाण बाणासमोर आणि रेषेपर्यंत पूर्ण आत. अर्धवट बसला की मोटर घरघरते, थरथरते, फिरत नाही, आणि लोक मोटर जळाली म्हणून दुकानात घेऊन येतात.

कोराडी_३६व्ही

नवतप्यात (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) चार्जिंग कसं करता? माझी पार्किंग टिनाच्या शेडखाली.

सावजी_मीटर

बॅटरी शेडमध्ये ठेवूच नका, काढून सोबत न्या. या सेलना चार्ज करायची वरची मर्यादा ४५ अंश असते आणि मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच तेवढं होतं, टिनाखाली त्याहून जास्त. चालवून आल्यावर अर्धा-पाऊण तास थंड होऊ द्या, मग लावा. सकाळी लवकर लावणं सगळ्यात बरं. कूलरच्या खोलीत चार्ज करा, पण कूलरच्या तोंडासमोर नको, तुषार चार्जरच्या जाळीतून आत जातात.

२ अँपिअरच्या चार्जरला रिकाम्यापासून साडेचार ते पाच तास. रोज ८०-९० टक्क्यांवर काढली तर सेल जास्त टिकतात. पंधरवड्यातून एकदा मात्र हिरवा दिवा लागल्यावर तासभर तसाच राहू द्या, त्या वेळात आतलं सर्किट दहा गटांचं व्होल्टेज सारखं करतं. ते कधीच केलं नाही तर एक गट मागे पडतो आणि बॅटरी ३५ व्होल्टवरच धाडकन बंद होते. गावाला जाताना भरून ठेवू नका, निम्म्यावर ठेवा.

फुटाळा_फेरी

पावसाळ्यासाठी एक. पाऊस सोसते, प्रेशरची फवारणी नाही. वॉशिंग सेंटरला द्यायची नाही. डिस्प्लेखालचे जोड एकदा उघडून डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा, आणि चार्जिंगच्या भोकाचं रबरी झाकण तुटलं असेल तर जूनच्या आधी बदला.

शून्य_मैल

आऱ्यांसाठी निपलचा पाना कोणत्या मापाचा घेऊ? इथे दुकानात गोल, अनेक खाचांचा मिळतोय.

अठराचा_पाना

गोलच घ्या. जाड आऱ्यांचे निपल नेहमीपेक्षा मोठे असतात, एकाच मापाचा पाना बसत नाही. जी खाच घट्ट बसेल तीच वापरा, ढिली वापरली तर निपलचे कोपरे जातात. आणि आधी निपलच्या मुळाशी तेलाचा एकेक थेंब, रोटर झाकून.